दार काढलेलं अंडं

“बाई, हे उकडलेलं आहे ना?”

हन्नाने अंडं कानाशी धरून हलवून पाहिलं आणि मला विचारलं.

“हो. हलवू नकोस, तडा जाईल.”

“मग ह्यातून पिल्लू कसं येणार?”

शनिवारची दुपार होती, ईस्टरच्या आदल्या दिवसाची. आमच्या चर्चच्या व्हरांड्यात मी आणि सात मुलं सतरंजीवर बसलो होतो. मध्ये तीन पातेली होती. एकात कांद्याच्या साली उकळून केलेला तांबडा रंग, एकात हळद, एकात बीट. एका टोपलीत सकाळी उकडून आणलेली अंडी. मुलांनी आधी अंड्यावर मेणाच्या खडूने काहीतरी काढायचं आणि मग अंडं रंगात बुडवायचं. मेण असेल तिथे रंग धरत नाही, बाकी सगळीकडे धरतो. शब्बाथ शाळेतल्या लहान मुलांकडून हे मी चौदा वर्षं करून घेत होते. रविवारी सकाळी चर्चमध्ये भरणारा हा मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, आणि ईस्टरच्या आदल्या दिवशीची अंडी हा त्याचा सगळ्यांत आवडता कार्यक्रम. चौदा वर्षांपूर्वी माझाही होता.

ही पंचाण्णव सालची गोष्ट. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होते. त्या शनिवारी सकाळची शाळा करून घरी आले, सरांना जेवू घातलं, त्यांची कूस बदलली, शेजारच्या शेवंताबाईंना त्यांच्यापाशी बसवलं आणि टोपली उचलून चर्चला आले. सर म्हणजे माझे यजमान, शांतवन मकासरे. हायस्कूलला मराठी शिकवायचे. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, लग्नानंतर मीही तेच म्हणायला लागले. आदल्या मे महिन्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. हो, नाही, पाणी, असे चार-दोन शब्द तेवढे उरले. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. रात्रीसुद्धा. अकरा महिने मी सलग झोपले नव्हते. थकवा हा शब्द तेव्हा मी वापरत नसे, कारण तो वापरायला थकवा नसलेला एखादा दिवस आठवावा लागतो.

पाळकसाहेबांना मी सांगूनच टाकलं होतं की हे माझं शेवटचं ईस्टर. जूनपासून शब्बाथ शाळेला दुसरं कुणीतरी बघा.

तर मुलांना मी दरवर्षीचंच सांगत होते. पूर्वीच्या काळी ईस्टरच्या आधी चाळीस दिवस लोक उपास करायचे, त्यात अंडीसुद्धा खायची नाहीत. पण कोंबड्यांना कुठे उपास माहीत? त्या आपल्या रोज अंडी घालतच राहायच्या. मग ईस्टरला घरोघरी अंडीच अंडी. तीच रंगवायची आणि एकमेकांना द्यायची. इथे मुलं हसतात. त्या वर्षीही हसली.

“आणि पहिला रंग तांबडा,” मी म्हणाले. “तांबडा का?”

“रक्ताचा,” तबिता म्हणाली. ती सात वर्षांची होती आणि तिला सगळं येत असे.

“बरोबर. येशूने आपल्यासाठी सांडलेलं रक्त. आणि हे कवच म्हणजे काय?” मी अंडं वर धरलं. “हे म्हणजे कबर. बाहेरून बघा, गार, टणक, दगडासारखं. वाटतं आत काहीच नाही. पण आत जीव असतो. एक दिवस टक्‌ टक्‌ करून पिल्लू कवच फोडतं आणि बाहेर येतं. तसाच तिसऱ्या दिवशी येशू कबरेतून बाहेर आला.”

तेव्हाच हन्नाने अंडं कानाशी धरलं.

हन्ना सहा वर्षांची होती. बारीक, काळीसावळी, दोन वेण्या घालणारी. वेण्या कधी सारख्या नसत, कारण त्या तिचे वडील घालायचे. तिची आई सुनीती डिसेंबरात काविळीने गेली. वडील अमोस वीज मंडळात वायरमन होते. बायकोला माती दिल्यापासून ते चर्चला आले नव्हते. नाताळलाही नाही. पण हन्नाला दर रविवारी फाटकापर्यंत सोडायचे आणि सायकल वळवून निघून जायचे.

“सांगा ना बाई, उकडलेल्यातून कसं येणार?”

“आपण नुसतं समजायचं असतं,” मी म्हणाले. “खडू घे. काय काढणार आहेस?”

तिने पांढरा खडू घेतला. पांढऱ्या अंड्यावर पांढऱ्या खडूने ती काय काढते आहे ते मला दिसेना. योएलने बिटाचं पाणी चाटून पाहिलं होतं, त्याचं तोंड पुसण्यात मी गुंतले. तबिताने तिचं अंडं दोनदा बुडवल्यामुळे भांडण झालं, ते सोडवलं. मग हन्नाची पाळी आली. तिने अंडं कांद्याच्या रंगात सोडलं, मी चमच्याने फिरवून बाहेर काढलं. तांबूस अंड्यावर मधोमध एक लहानसं पांढरं दार उमटलं होतं. चौकट, दोन फळ्या आणि एक कडी.

“अगं, दार कशाला?”

“म्हणजे फोडायला नको,” ती म्हणाली. “कडी काढली की झालं.”

मला ते आवडलं. खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं. पण मी घड्याळ पाहिलं. साडेचार झाले होते. पाचला शेवंताबाईंना जायचं होतं. पातेली धुवायची होती, सतरंजी झाडायची होती, दोन मुलांच्या आया अजून आल्या नव्हत्या.

“बाई,” हन्ना म्हणाली, “पण खरंच येईल का? उकडलेल्यातून?”

तिने तिसऱ्यांदा विचारलं होतं. मी पातेल्यातला रंग कडेच्या गटारात ओतत होते. वर बघितलंही नाही.

“येतं गं. देवाला काय अशक्य आहे? उद्या सकाळी बघ.”

“कबरेतून पण?”

“कबरेतून पण.”

“सगळ्या कबरांतून?”

“हो, सगळ्या. चल, आता हात धू.”

तिने हात धुतले. अंडं रुमालात गुंडाळून फ्रॉकच्या खिशात ठेवलं, आणि खिशावर हात धरून फाटकाकडे चालायला लागली. मला तेव्हा एवढंच वाटलं की सुटले, एक मूल कमी झालं.

घरी आले तेव्हा सर जागे होते. शेवंताबाई त्यांना पेपर वाचून दाखवत होत्या, अडखळत. सरांनी कधी काळी त्यांच्या मुलाला नापास केलं होतं, पण त्या रोज यायच्या.

त्या गेल्यावर मी सरांचा उजवा हात मांडीवर घेतला. तो व्यायाम मी रोज दोनदा करून घेत असे. एकेक बोट उघडायचं, मिटायचं. मनगट फिरवायचं. कोपर. खांदा. हात पुढे घ्यायला सर मला मदत करत. डाव्या हाताने उजवा हात उचलून माझ्याकडे सरकवत, वस्तू द्यावी तसा.

“आज बोटं सैल वाटताहेत,” मी म्हणाले. “कालच्यापेक्षा फरक आहे.”

सर वर आढ्याकडे बघत होते.

“असंच चालू ठेवलं की दिवाळीपर्यंत चमचा धराल.”

“हो,” सर म्हणाले आणि तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं, खांदा दुखला असेल.

ईस्टरची पहिली उपासना आमच्याकडे पहाटे कबरस्थानात होते. लोक आदल्या आठवड्यात आपापल्या माणसांच्या कबरा झाडून, चुना लावून ठेवतात. पहाटे मेणबत्त्या घेऊन जमतात, गीतं गातात, बायका पहाटे येशूच्या कबरेपाशी गेल्या आणि ती मोकळी होती तो उतारा पाळक वाचतात, आणि उजाडलं की एकमेकांना सलाम करून घरी जातात. नऊला मग चर्चमध्ये मोठी उपासना. त्यात मुलं वचनं म्हणतात आणि रंगवलेली अंडी वाटतात.

मी सरांना कुशीवर वळवून पाचला निघाले. कबरस्थान गावाबाहेर, रस्त्याला लागून आहे. फाटकापाशी पोचले तर अमोस उभे होते. सायकल खाली पडलेली. डिसेंबरानंतर त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता.

“बाई,” ते म्हणाले, “तुम्ही काय सांगितलंय हो माझ्या पोरीला?”

“कशाबद्दल?” मी विचारलं.

“चारला जाग आली तर पोरगी अंथरुणात नाही. सगळी आळी पालथी घातली. शेवटी इथं सापडली. अंधारात एकटी. तिच्या आईपाशी बसलीय. आई येणारय म्हणते. मी उचलायला गेलो तर चावली मला.” त्यांनी मनगट पुढे केलं. “बाईंनी सांगितलंय म्हणते. सगळ्या कबरा उघडणारेत म्हणते. तुम्ही सांगितलंत?”

मी हो म्हणाले.

त्यांना बहुतेक मी नाही म्हणेन असं वाटलं होतं. ते माझ्याकडे बघतच राहिले.

“का?” त्यांनी विचारलं.

ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. पातेली धुवायची होती म्हणून, असं कुणाच्या तोंडावर कसं सांगायचं?

“मी जाते तिच्याकडे,” मी म्हणाले.

“जा. पण एक सांगतो,” त्यांचा आवाज फाटला, “तिला गप करायला अजून काही सांगू नका. माझं ऐका बाई. मी चार महिने झाले तिला काहीच सांगत नाही. मला जमत नाही. पण खोटं तरी सांगत नाही.”

आत लोक जमायला लागले होते. पुढच्या बाजूला मेणबत्त्या लागल्या होत्या. सुनीतीची कबर मागे, कुंपणाच्या कडेला होती. अजून दगड बसवला नव्हता. मातीचा उंचवटा आणि एक लाकडी क्रूस, त्यावर पांढऱ्या रंगाने नाव. हन्ना नाताळचा फ्रॉक घालून उकिडवी बसली होती. केस सुटे. दाराचं अंडं ओंजळीत होतं. आणि तिच्यासमोर, कबरेच्या पायथ्याशी, जांभळ्या पट्ट्याच्या बायकी चपला ठेवल्या होत्या. एकमेकींना चिकटून, नीट. टाचा कबरेकडे, अंगठे बाहेर.

मी शेजारी जमिनीवर बसले. तळहाताला सराटे टोचले. तिथे सगळीकडे सराटेच होते.

“चपला आईच्या?” मी विचारलं.

“हो. ट्रंकेत होत्या.”

“कशाला आणल्यास?”

“तिला इथे ठेवलं तेव्हा चपला नव्हत्या घातलेल्या. मी बघितलं होतं. इथून रस्त्यापर्यंत किती सराटे आहेत.”

पुढे पहिलं गीत सुरू झालं. मला ते पाठ होतं. माझ्या ओठांनी सवयीने एक ओळ म्हटलीही.

“बाई, कधी उघडणार? उजाडल्यावर का?”

मी इकडेतिकडे बघितलं. पाळकसाहेब दूर, त्यांची बायको आणखी दूर. खरं तर उत्तरं मला भरपूर येत होती. चौदा वर्षं मी तीच तर देत होते. आई देवाजवळ आहे. आई वरून बघते आहे. आई ताऱ्यात आहे. कुठलंही एक उचलून तिला दिलं असतं तर ती उठून आली असती, मला खात्री आहे. मुलं ऐकतात. अमोस दहा पावलांवर येऊन उभे राहिले होते.

“हन्ना,” मी म्हणाले, “काल मी खोटं बोलले.”

तिने मान वळवली.

“कोणतं?”

“उकडलेल्या अंड्यातून पिल्लू येत नाही. कधीच येत नाही.”

“ते मला माहीत होतं,” ती म्हणाली. “आमच्याकडे कोंबड्या आहेत.”

“मग?”

“तुम्ही म्हणालात ना. मला वाटलं तुम्हाला जास्त माहीत असेल.”

गीताचं दुसरं कडवं संपलं.

“मग आई?”

“आई आज येणार नाही.”

“उद्या?”

“उद्या पण नाही.”

“पुढच्या ईस्टरला?”

“नाही, हन्ना.”

तिचा चेहरा रडण्यासारखा झाला नाही. रागावल्यासारखा झाला. सहा वर्षांच्या मुलीला मी तसं कधी पाहिलं नव्हतं. तिने मला दोन्ही हातांनी ढकललं, ओंजळीतलं अंडं घरंगळून मातीत गेलं.

“मग येशू कसा आला? तुम्हीच सांगता ना दरवेळी? तो आला, आई का नाही?”

“आपण मानतो की एक दिवस सगळे येतील,” मी म्हणाले. “तुझी आई, माझी आई, सगळे. पण तो दिवस कोणता, ते कोणालाच माहीत नाही. पाळकसाहेबांनासुद्धा नाही. मी कधी कोणाला कबरेतून आलेलं बघितलेलं नाही. मी मानते. कधी कधी मानायला मला फार जड जातं. आज जातंय. ह्याच्यापुढचं मला माहीत नाही. असतं तर सांगितलं असतं.”

“माहीत नाही?”

“नाही.”

हे उत्तर मी आयुष्यात कुठल्याही मुलाला दिलं नव्हतं. हजेरीपटाच्या आत आणि बाहेर, वीस वर्षांत. वाटलं होतं त्याने पोरं घाबरतात. हन्ना घाबरली नाही. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, मी आणखी काही लपवते आहे का ते तपासावं तशी. मग ती पुढे सरकून क्रूसावरचं नाव बोटाने गिरवायला लागली. आणि गिरवता गिरवता तिला रडू आलं. आधी आवाज न करता, मग मोठ्याने. पुढचे दोन-तीन लोक मागे वळले. पाळकांची बायको यायला निघाली, तिला मी हातानेच थांबवलं.

अमोस आले. माझ्याकडे न बघता तिच्या पलीकडे बसले. त्यांनी तिला जवळ घेतलं नाही, नुसते बसले. थोड्या वेळाने तीच त्यांच्या मांडीवर गेली. ते तिच्या केसांतून बोटं फिरवत राहिले, आणि त्यांचे खांदे हलत होते. मी दुसरीकडे बघायला लागले. पूर्वेला फटफटलं होतं. पुढे लोक एकमेकांना सलाम करत होते, हातात हात घेत होते, म्हातारी माणसं मिठ्या मारत होती.

रडणं थांबल्यावर हन्नाने फ्रॉकने नाक पुसलं. चपलांकडे पाहिलं.

“ह्या इथेच ठेवू का घरी नेऊ?”

तिने मला विचारलं होतं. मी अमोस यांच्याकडे पाहिलं.

“ने,” अमोस म्हणाले. “मोठी झालीस की तुला येतील.”

तिने थोडा विचार केला. मग चपला उचलून एकमेकींवर आपटल्या, माती झाडली आणि छातीशी धरल्या. अंडं अमोस यांनी उचललं. त्याला भेग गेली होती. ते दोघं फाटकाकडे गेले. जाताना त्यांनी मागे वळून मला सलाम केला की नाही ते आठवत नाही. केला नसावा. त्यांचा राग जायला पुढे वर्ष लागलं, आणि तो जायलाच हवा होता असंही काही नाही.

हन्नाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. पुढचे दोन रविवार ती आली नाही. तिसऱ्या रविवारी आली, पुढच्या रांगेत बसली आणि जलप्रलयात नोहाने सगळे प्राणी तारवात घेतले, मग मासे कुठे गेले ते विचारलं. मी माहीत नाही म्हणाले. जूनमध्ये मी शब्बाथ शाळा सोडली नाही. हन्ना दहावी होईपर्यंत शिकवली, मग तबितानेच ती शाळा माझ्याकडून घेतली. हन्ना आता संभाजीनगरला एका लॅबमध्ये काम करते. ईस्टरला फोन करते. त्या पहाटेबद्दल आम्ही दोघी कधीही बोललेलो नाही.

पण त्या दिवसातलं माझं जे होतं ते अजून व्हायचं होतं.

मी घरी आले तेव्हा साडेसात झाले होते. नऊच्या उपासनेला तयार व्हायचं होतं. टोपलीतली अंडी, मुलांच्या वचनांचे कागद, माझी पांढरी साडी, सगळं काढून ठेवलेलं होतं. सरांचं तोंड पुसलं, चहा पाजला. त्यांनी नेहमीप्रमाणे डाव्या हाताने उजवा हात उचलून माझ्याकडे सरकवला.

मी तो हातात घेतला. करंगळी उघडली. ती सुटल्याबरोबर परत मिटली. कालच्यासारखीच. परवासारखीच. नोव्हेंबरासारखीच.

“आज...” मी म्हणाले, आणि पुढचे शब्द आलेच नाहीत.

सरांनी माझ्याकडे बघितलं.

“सर, मला तुम्हाला एक सांगायचं आहे.” माझा आवाज मलाच परका वाटत होता. “नगरच्या डॉक्टरांनी नोव्हेंबरातच सांगितलं होतं. सहा महिन्यांत जे परत आलं ते आलं. आता हा हात यायचा नाही. पायही नाही. बोलणंही... व्यायाम सांधे आखडू नयेत म्हणून करायचा, एवढंच. मी तुम्हाला सांगितलं नाही. रोज फरक आहे, फरक आहे म्हणत राहिले. फरक नाही सर. काहीच फरक नाही. आणि मी...” ते मी कधीच मोठ्याने म्हटलं नव्हतं. “मी फार दमले आहे.”

मला वाटलं ते रडतील. वर्गात पन्नास पोरांना एका शब्दाने गप्प करणारा तो माणूस हल्ली पटकन रडत असे. ते रडले नाहीत. त्यांचा जबडा हलला, ओठ एका बाजूने वाकडे झाले. एक अक्षर जुळवायला त्यांना किती कष्ट पडत ते मी अकरा महिने पाहिलं होतं.

“मा... हीत,” ते म्हणाले.

“काय माहीत?”

त्यांनी डावा हात उचलून कानाला लावला. मग दाराकडे बोट केलं.

मला एकदम दवाखान्याची ती खोली आठवली. डॉक्टर मला बाहेर घेऊन आले होते, दार नुसतं लोटलेलं होतं. सर आत खाटेवर होते. त्यांची वाचा गेली होती, कान नव्हते गेले.

“तुम्ही ऐकलं होतं? तेव्हाच?”

“हो.”

“मग इतके दिवस रोज हात का पुढे करत होतात? दोन-दोनदा?”

त्यांनी बोट माझ्याकडे केलं. छातीपर्यंत आणलं, टेकवलं, तिथेच ठेवलं.

“माझ्यासाठी?”

“हो.”

मग मीच रडले. खाटेच्या कडेला डोकं ठेवून, हन्नासारखी, मोठ्याने. ते डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थापटत राहिले, थोडं वेडंवाकडं, कारण तो हात त्यांनी आयुष्यभर कामाला लावलेला नव्हता. बाहेरून कुणीतरी गेलं, “बाई, येताय ना चर्चला?” म्हणून हाक मारली.

“झोप,” सर म्हणाले.

हा शब्द आजारानंतर ते पहिल्यांदाच बोलले होते. एकदम स्पष्ट.

“उपासना आहे. मुलांची वचनं आहेत. तुमची कूस...”

“झोप,” ते पुन्हा म्हणाले. ह्या वेळी सरांच्या आवाजात. वर्गातल्या.

मी त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, उशा लावल्या आणि खाटेशेजारी खाली चटई टाकली. म्हटलं, दहा मिनिटं पाठ टेकते. घंटा झाली की उठते.

घंटा मला ऐकू आली नाही. शेवंताबाई येऊन अंडी घेऊन गेल्या तेही कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा ऊन पश्चिमेच्या खिडकीतून चटईवर आलं होतं आणि घड्याळात अडीच वाजले होते. मी धडपडत उठले. सर त्याच डाव्या कुशीवर होते, मी सोडले होते तसे. जागे. घामाने उशी भिजलेली. त्यांना वळवलं तर खालचा खांदा आणि कंबर लालभडक झाली होती. जरा वेळ गेला असता तर कातडी सुटली असती.

“साडेसहा तास!” मी ओरडले. “हाक का नाही मारलीत? हाक तर मारता येते ना तुम्हाला?”

सर माझ्याकडे बघत होते. चेहऱ्याची डावी बाजू हसत होती.

“नाही,” ते म्हणाले.